सिंगापूरच्या तोफा आणि एक सोयीचा विनोद

‘सिंगापूरच्या तोफांची तोंडे समुद्राकडे आणि जपानी आले मागून!’ दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी ऐकवतोच, आणि १५ फेब्रुवारी १९४२च्या शरणागतीचा निकाल तिथेच लागतो. हा विनोद चुकीचा आहे. त्याहून वाईट म्हणजे तो सोयीचा आहे.

आधी तोफा. बेटावर १५ इंची पाच तोफा होत्या : पूर्व टोकाला चांगी येथे ‘जोहोर बॅटरी’च्या तीन आणि नैर्ऋत्येस ‘ब्युओना व्हिस्टा’च्या दोन. (जोहोरच्या सुलतानाने पंचम जॉर्जच्या १९३५च्या रौप्यमहोत्सवानिमित्त देणगी दिली, म्हणून पहिलीचे ते नाव.) एकेक गोळा सुमारे ८८० किलोंचा, पल्ला ३० किलोमीटरांहून अधिक. जोडीला ९.२ इंची आणि ६ इंची तोफा होत्याच. ब्युओना व्हिस्टाच्या तोफा उत्तरेकडे वळू शकत नव्हत्या, एवढा अंश विनोदात खरा. चांगीच्या तोफा मात्र वळल्या. सामुद्रधुनीपलीकडच्या जोहोर बारूवर आणि बेटावरच्या तेंगा विमानतळाच्या परिसरावर त्यांनी मारा केला.

मग तो निष्प्रभ का ठरला? दोष तोफेच्या तोंडात नव्हता, पोटात होता. १५ इंची तोफांना मिळालेले गोळे चिलखतभेदी होते. युद्धनौकेचे पोलाद भेदून आत गेल्यावर फुटावा अशा बेताने घडवलेला गोळा मऊ जमिनीत खोल रुततो; पायदळाचे त्याने फारसे बिघडत नाही. पडताक्षणी फुटणारे गोळे ९.२ इंची तोफांपाशी होते, तेही मोजकेच. आणि समुद्राकडून सिंगापूरवर हल्ला करण्याचे धाडस जपानी आरमाराने केलेच नाही. पुढच्या दाराचे कुलूप शाबूत राहिले; चोर मागल्या दाराने आला, म्हणून शिव्या कुलपाला!

गंमत अशी की ही गोष्ट लपलेली नव्हती. जानेवारी १९४२मध्ये वेव्हेल यांनी चर्चिल यांना तारेने कळवले होते की सर्वांत मोठ्या तोफा चौफेर वळतात, पण त्यांचा मारा सपाट असल्याने शत्रूच्या तोफखान्याविरुद्ध त्या निरुपयोगी आहेत. ही तार चर्चिल यांच्या युद्धस्मृतींतच छापलेली आहे. बेटाच्या उत्तरेला कायम तटबंदी नाही हे कळून पंतप्रधान चकित झाले म्हणे!

चकित होण्याजोगे त्यात काय होते? मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांतही, शत्रू उतरू शकतो आणि जोहोरमार्गे सिंगापूरवर येऊ शकतो, हे जनरल डॉबी यांनी १९३७मध्येच बजावले होते. त्या वेळी त्यांचे प्रमुख स्टाफ अधिकारी होते पर्सिव्हल. १९४२मध्ये शरणागतीवर सही करणारेही तेच. ब्रिटिश आरमार मदतीला ४२ दिवसांत पोचेल, या गृहीतकावर सिंगापूरच्या नाविक तळाची सारी योजना उभी होती. सप्टेंबर १९३९मध्ये ती मुदत १८० दिवसांवर गेली. उणीव विमानांनी भरून काढायची ठरली. सेनाप्रमुखांच्या हिशेबाने ३३६ विमाने हवी होती. युद्ध पेटले तेव्हा त्यांच्या निम्मीही नव्हती. मलायात ब्रिटिशांचा एकही रणगाडा नव्हता.

यातला एकही निर्णय तोफेच्या जोत्यावर झाला नाही. ते लंडनच्या टेबलांवर झाले. तोफांचा विनोद सांगितला की मूर्ख ठरतो तो कुणी निनावी अभियंता, आणि मंत्रिमंडळ सुटते. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४० हजार हिंदी सैनिकांना एकत्र करून जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. आझाद हिंद सेनेत येण्याचे पहिले आवाहन मोहनसिंग यांनी त्याच मैदानावर केले.