रिकामे वजन, भरलेले वजन



गेल्या पंधरवड्यात माझा पुतण्या एक कोटेशन घेऊन घरी आला. केळीवरील फवारणीसाठी ड्रोन घ्यावा, यावल-रावेर पट्ट्यात तो भाड्याने चालवावा आणि त्यासाठी बँकेचे कर्ज काढावे, असा त्याचा बेत होता. “काका, प्रकरण बसेल का, तेवढे पाहा,” तो म्हणाला. जुन्या सवयीने किंमत मी शेवटी पाहिली. आधी वजन वाचले : बॅटरीसह रिकामे 17 किलो, टाकी 10 लिटर. पुढे वर्ग लिहिला होता, ‘स्मॉल’.

येथेच मी थांबलो. केंद्र सरकारच्या 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोन म्हणजे आत वैमानिक नसताना आपोआप किंवा दुरून चालविता येणारे विमान. आपण त्यास यंत्र म्हणतो, मुले खेळणे म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र ते विमान होय. त्याचे वर्ग वजनावरून ठरतात : 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, 150 किलोपर्यंत मीडियम, त्यापुढे लार्ज. आणि हे वजन भारासह धरावयाचे असते. वजनकाट्यावर भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा करण्यात आपले आयुष्य गेले. येथे वजाबाकी नाहीच. टाकी भरली की 17 चे 27 होतात आणि ‘स्मॉल’चा ‘मीडियम’ होतो.

दोन किलोंनी एवढे काय बिघडते, असे त्याने विचारले. दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र विशिष्ट वर्गापुरते असते. ‘स्मॉल’चे प्रशिक्षण घेऊन ‘मीडियम’ उडविणारा नियमाबाहेर जातो. उद्या शेजारच्या मळ्यातील मजुरास इजा झाली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. नॅनो वगळता त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असून त्यास मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू केल्या आहेत. बँक तारणासाठी यंत्राचा विमा उतरवून घेते, तो निराळा. या दोहोंची गल्लत केलेले कर्जदार ट्रॅक्टरच्या प्रकरणांत मी पुष्कळ पाहिले आहेत.

बाकीच्या अटी जाचक नाहीत. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावयाचा, त्याचे शुल्क 100 रुपये. विक्री किंवा बक्षीस दिल्यास तेथेच हस्तांतर नोंदवावयाचे. वैमानिक दहावी उत्तीर्ण आणि 18 ते 65 वयाचा हवा. म्हणजे माझी संधी जवळजवळ हुकलीच! हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तरी भुसावळ आणि वरणगाव येथे आयुध निर्माणी असल्याने त्या बाजूची कामे घेण्यापूर्वी नकाशा त्याच दिवशी पाहावा. नियमभंगास एक लाखापर्यंत दंड आहे.

लग्नातील छायाचित्रकारालाही हाच हिशेब लागतो. 249 ग्रॅमच्या ड्रोनला वैमानिकाचे प्रमाणपत्र नको. 900 ग्रॅमचा ड्रोन पैसे घेऊन उडविल्यास हवे. वरात ठरविताना यजमानाने एवढे अवश्य विचारावे.

पुतण्याने विक्रेत्यास तेथूनच फोन लावला आणि टाकी भरलेल्या अवस्थेतील वजन व प्रकार-प्रमाणपत्राची प्रत मागितली. “दोन दिवसांत पाठवतो,” असे उत्तर आले. आज बारावा दिवस आहे. कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर तसाच पडून आहे.