सिन्नर, हायवे टच

शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता केतनचा फोन. केतन हिंजवडीत कोडिंग करतो, ईएमआयवर जगतो आणि दर सहा महिन्यांनी त्याला पैसे दुप्पट करायचा एक नवा फंडा सापडतो. आधी शेअर्स झाले, मग क्रिप्टो झालं. या वेळी सिन्नर!

'ऐक, समृद्धीचा इंटरचेंज तिथे, एमआयडीसी तिथे, शिर्डी तासाभरावर, नाशिकचा सिंहस्थ तोंडावर. हायवे टच प्लॉट आहे. तुझं आजोळ ना ते? उद्या चल. प्लॉट बघू, मिसळ खाऊ, परत येऊ.'

मी लगेच हो म्हटलं, त्याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात मामांचाही फोन येऊन गेला होता. दोन एकरांना गिऱ्हाईक आलंय, देऊ का? म्हणजे मित्र घ्यायला निघालेला, मामा द्यायच्या विचारात आणि मत दोघांनाही माझं हवं. मास कॉमची डिग्री घेतलेल्या मुलीला जमिनीतलं काय कळतं, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

रस्त्यांचं गाव

तुम्ही पुण्याहून नाशिकला कधी गेला असाल, तर सिन्नर तुम्ही पाहिलेलं नाही, फक्त ओलांडलंय. नाशिकच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. पुढे मोहदरीचा घाट उतरला की नाशिक. इथूनच एक रस्ता शिर्डीला फुटतो आणि एक घोटीकडे. मुंबईहून पायी शिर्डीला निघालेल्या साईभक्तांच्या पालख्याही याच वाटेने जातात.

त्यात आता समृद्धी महामार्ग. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. त्याचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाला आणि सिन्नर तालुक्यातल्या गोंदे गावाला इंटरचेंज मिळाला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि रस्ता पूर्ण झाला. तेव्हापासून गोंद्याच्या आसपास भाताच्या पेंढीला लागावेत तसे जमिनीला दलाल लागलेत.

कनेक्टिव्हिटी हा शब्द ब्रोशरवाल्यांनी शोधला असं वाटत असेल, तर थांबा. देवगिरीचे यादव देवगिरीला जायच्या आधी इथेच होते. सिन्नर ही त्यांची जुनी राजधानी. त्या अर्थाने या गावात 'प्राइम लोकेशन' म्हणून लोक हजार वर्षांपासून येतायत.

आधी बघून घ्या

केतनला मी आधी गोंदेश्वराला नेलं. स्टँडपासून चालत जाता येतं. यादवकाळातलं हे शिवपंचायतन आहे, म्हणजे मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, पार्वती, गणपती यांची छोटी देवळं. सगळी एकाच उंच जोत्यावर. समोर नंदीचा मंडप. शिखर भूमिज शैलीचं, छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचत वर गेलेलं. पुरातत्त्व खात्याने जपलेलं, शांत, स्वच्छ. केतनने पंधरा फोटो काढले आणि म्हणाला, 'अरे यार, हे इथे आहे हे कुणी सांगितलंच नाही!'

दुसरा स्टॉप 'गारगोटी'. माळेगाव एमआयडीसीत कारखान्यांच्या मधोमध हे खनिजांचं म्युझियम आहे, के. सी. पांडे यांनी उभं केलेलं. आपला सह्याद्री लाव्हाचा. तो लाव्हा थिजताना आत हवेचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून स्फटिक वाढले. तेच हे झिओलाइट्स. विहीर खणताना नाहीतर खाणीत सुरुंग लावताना निघणारे हे दगड लोक एके काळी खडीबरोबर फेकून देत. इथे ते काचेच्या कपाटात, दिव्याखाली बसलेत. हिरवे, गुलाबी, पांढरेशुभ्र. आपल्या पायाखाली काय आहे, हे बाहेरच्या माणसाने सांगितल्यावर कळतं. जमिनीचंही तसंच असतं, हे मला संध्याकाळी कळलं.

वेळ असेल तर डुबेऱ्याला जा. पहिल्या बाजीरावाचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी इथल्या बर्व्यांच्या वाड्यात झाला. राधाबाईंचं हे माहेर. म्हणजे बाजीरावाचंही आजोळ सिन्नरकडचंच. (मी हे सगळ्यांना सांगते.)

प्लॉट नंबर सतरा

दुपारी दलाल भेटला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, दोन फोन. त्याने माळावर चुन्याच्या रेघा आणि लाल झेंड्या दाखवल्या. 'हा तुमचा सतरा नंबर. इथून समोर गार्डन, तिकडे क्लब हाऊस.' समोर बाभळी होत्या. तिकडे एक शेळी होती.

'टोकन आज टाकलं तर हा रेट. सोमवारी मी सांगू शकत नाही.'

केतनने फोन काढला. ॲपवर रक्कम टाकताना तो हळूच म्हणाला, 'बाबांच्या पीएफमधले आहेत. रिटायर झाले ना मार्चमध्ये.' माझ्या पोटात खड्डा पडला. तोपर्यंत मी ही गंमत म्हणून बघत होते.

'थांब,' मी म्हटलं. 'आधी मामांकडे चहा.'

वाटेत मी त्याला गुळवंचच्या दिशेला बघायला सांगितलं. तिथे औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. २००६-०७ च्या सुमारास गुळवंच-मुसळगाव भागात सेझसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. कारखाने येणार, घरटी नोकरी मिळणार, अशी स्वप्नं होती. १३५० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले. पण कोळसा आणणाऱ्या रेल्वे लाइनचं आणि वीज घेणाऱ्या ग्राहकाचं गणित काही जमलं नाही, आणि २०२२ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचंही तेच. २३५ किलोमीटरची लाइन सिन्नरवरून जाणार म्हणून केवढे प्लॉट विकले गेले! मग नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून मूळ मार्गच अडला.

सिन्नरमध्ये काही घडत नाही असं नाही. माळेगावला आणि मुसळगावच्या सहकारी वसाहतीत शिफ्टचे भोंगे होतात, हजारो घरं त्यावर चालतात. पण घोषणा होणं आणि भोंगा होणं, यात इथे कधीकधी वीस वर्षं जातात.

मामांचा ओटा

मामांनी चहा दिला, केतनकडून दलालाचा कागद घेतला, चष्मा लावला.

'ह्या सातबाऱ्यावर अकरा नावं हायेत. तुझं बारावं लागंल. अन् तुझा सतरा नंबर कुठला, ते ह्यात कुठंच नाही.'

केतन गप्प. जमीन एन.ए. झालेलीच नव्हती. एका मोठ्या गटाचे गुंठे पाडून, सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून द्यायचा तो प्रकार होता. गार्डन फक्त ब्रोशरमध्ये.

मग मामा स्वतःच्या दोन एकरांकडे वळले. माझी आजी विड्या वळायची. सिन्नर विड्यांचं गाव. मांडीवर सूप, पान भिजवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक मुडपून दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. त्या हजार-हजारातून साठवून आजोबांच्या साथीने तिने हे रान घेतलं. मामांना ते विकताना हात थरथरतो, तो यामुळे.

आणि आणखी एका कारणाने. ते रान देवनदीच्या पाटाखाली आहे. नदीला ठिकठिकाणी ब्रिटिश काळातले वळणबंधारे आहेत. छोटी भिंत घालून पाणी अडवायचं, पाटात वळवायचं आणि उताराने शेतात सोडायचं. मोटर नाही, वीजबिल नाही, गावकरी पाळी ठरवतात. मधल्या काळात पाट गाळाने बुजले होते. लोणारवाडीच्या 'युवामित्र' संस्थेने गावकऱ्यांना जोडीला घेऊन ते पुन्हा वाहते केले. तालुक्याचा पूर्व भाग पावसाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा मामांच्या कोबीला पाणी असतं.

'मामा, गिऱ्हाईक काय किंमत देतंय?'

त्यांनी आकडा सांगितला. मी गप्प झाले. माझा दहा वर्षांचा पगार. 'नका विकू' म्हणणं मला सोपं आहे, कारण मला रात्री दारं धरायला उठावं लागत नाही. मामांचा मुलगा मुसळगावला शिफ्ट करतो, शेतीत त्याला रस नाही. हेही खरं.

शेवटी एवढंच म्हटलं, 'कोरडवाहू तुकडा आहे ना वरचा, तो द्या. पाटाचं रान सगळ्यात शेवटी.'

मामा म्हणाले, 'तुझी आजी हेच म्हणाली असती. बघू.'

त्यांचं 'बघू' म्हणजे काय, ते अजून आम्हाला कळलेलं नाही.

घ्यायचंच असेल तर

• सातबारा, फेरफार आणि गटाचा नकाशा स्वतः काढा. 'महाभूलेख'वर सातबारा घरबसल्या दिसतो.

• शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर आधी परवानगी लागते.

• गुंठ्या-दोन गुंठ्यांचा व्यवहार असेल, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवा. त्यात सवलती आल्यात, पण त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे तलाठ्याला आणि वकिलाला विचारा. दलालाला नको.

• मोठा लेआउट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा.

• आणि टोकन 'आजच' मागणाऱ्याला सोमवारी भेटा.

केतनने टोकन टाकलं नाही. परत येताना डिकीत अर्धं पोतं कांदे आणि कोबीचे चार गड्डे होते. बाबांचा पीएफ सध्या बँकेत आहे, कंटाळवाणा, पण सुरक्षित.

परवा पुन्हा रात्री साडेअकराला फोन. 'ऐक ना, सी-टच! दापोलीला...'

मी म्हटलं, 'आधी सातबारा पाठव.'