कार्बोरेटरला शिव्या देण्याआधी नोझलमधून काय येतंय ते सांगा

सोलापूरकरांनो, पोस्ट लांब आहे, पण पेट्रोल भरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाचा विषय आहे. पूर्ण वाचा.

जुनी मारुती ८००, पद्मिनी किंवा दहा वर्षांची बाईक घेऊन गॅरेजला गेलं की तक्रार ठरलेली : सकाळी चालू होत नाही, पिकअप घेताना अडखळते, ॲव्हरेज पडलं. मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, जेट साफ करतो, पैसे घेतो. महिन्याभरात परत तेच. मग आपण मेकॅनिकला चोर म्हणायचं आणि मेकॅनिकनं गाडीला भंगार म्हणायचं. पेट्रोलबद्दल कुणीच बोलायचं नाही. असं कसं चालेल ओ?

मुद्दा साधा आहे. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. नव्या गाडीत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला डोकं नाही, जेटचं भोक ठरलेलं. मिश्रणात हवा जास्त होते, गाडी मिसिंग मारते. वर इथेनॉल पाणी ओढतं, टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं, आणि जुन्या पद्धतीचे रबरी पाइप, वॉशर फुगवतं.

"जुन्या गाड्या किती उरल्यात?" असं विचारणाऱ्यांना सांगतो : एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक १००-१२५ सीसी बाईकना कार्बोरेटरच होता. विडी कामगाराच्या घरातली, यंत्रमागावर जाणाऱ्याची सेकंडहँड बाईक हीच आहे. हा हौशी लोकांच्या विंटेज गाड्यांचा प्रश्न नाही.

सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलंय की, साध्या पेट्रोलसाठी बनवून ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज ई२० वर ६-७ टक्के आणि दुचाकीचं ३-४ टक्के घटेल. असं इंधन स्वस्त द्यावं, अशी सूचनाही त्यातच आहे. मग २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणलं. उद्दिष्ट अलीकडं आलं, स्वस्ताई कुठं गेली? मंत्रालय म्हणतं, काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च किरकोळ. किरकोळ असेल तर तुम्हीच द्या की! साधं पेट्रोलही मिळावं म्हणून केलेली याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे दाद मागायची ती आता लोकप्रतिनिधींकडंच.

आता कुणीतरी म्हणणार, "ऊस उत्पादकाच्या विरोधात बोलतोय." अजिबात नाही. माळशिरस, माढा, पंढरपूरच्या उसावर हा जिल्हा जगतो. इथेनॉलमुळं उसाचं बिल वेळेवर मिळत असेल तर आनंदच आहे. पण आज देशातल्या इथेनॉलचा मोठा वाटा मका-तांदळातून येतो. आणि शेतकऱ्याकडंही जुनीच बाईक आहे. एका खिशात दिलेलं दुसऱ्या खिशातून काढू नका.

मागण्या तीनच :
१. प्रत्येक पंपावर इथेनॉलचं प्रमाण मराठीत, ठळक लिहा.
२. जुन्या गाड्यांसाठी किमान शहरातल्या काही पंपांवर ई१० ठेवा.
३. मायलेज कमी, तर दरही कमी.

तोवर स्वतःची काळजी घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. फिल्टर आणि पाइप बदलताना इथेनॉलला टिकणारा माल मागा. बाटलीतली "जादूची" औषधं टाकीत ओतू नका. आणि सगळं खापर इथेनॉलवर फोडण्याआधी प्लग, एअर फिल्टर बघून घ्या.

तुमची गाडी कोणती, किती सालची, ॲव्हरेज आधी किती आणि आता किती, कमेंटमध्ये लिहा. आकडे घेऊनच आमदार-खासदारांना विचारू. नुसतं कुरकुरून जेट साफ होत नाही, आणि सरकार तर नाहीच.