राजद्रोहाआधीचा खटला

टिळकांचा तुरुंगवास म्हटला की १८९७ चा राजद्रोहाचा खटला आठवतो, किंवा १९०८ चा आणि मंडाले. त्यांचा पहिला तुरुंगवास मात्र १८८२ चा, आणि तो राजद्रोहासाठी नव्हे, अब्रुनुकसानीसाठी. आजच्या वाचकाने खरे तर तोच आधी अभ्यासावा.

जानेवारी १८८१ मध्ये बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यातून ‘केसरी’ निघू लागला. संपादक आगरकर; इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांचा छळ चालला आहे आणि त्याला कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असे या पत्रांनी लिहिले. आधार होता बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या पत्रांचा. ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

खटल्यात जामिनाचे दहा हजार रुपये उभे राहिले ते जोतीराव फुल्यांच्या शब्दावर, त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून. याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ साली मुलींची शाळा काढणारे हे फुले. या संपादकांशी त्यांचे किती पटत असे, हे वेगळे सांगायला नको!

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला ठेवलेल्या महाराजांचा गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. पत्रे खोटी होती. महाराजांच्या जिवाविषयीची चिंता खोटी नव्हती.

पेच इथेच आहे. अधिकाऱ्याच्या वर्तनावर सद्भावाने मत देण्याची मुभा १८६० च्या दंडसंहितेतही होती; पण वस्तुस्थितीचा आरोप केला की पुरावा टीकाकाराने द्यायचा, आणि दप्तर असते कारभाऱ्याच्या कुलपात. बर्व्यांवर अन्याय झाला, हे मान्यच. त्याची भरपाई दिवाणी दाव्याने होऊ शकते. त्यासाठी कोठडी कशाला? राजद्रोहाच्या १२४अ कलमावर आपण दशकानुदशके वाद घातले. अब्रुनुकसानीचा गुन्हा मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३५६ म्हणून, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह मुक्कामाला आहे.