अग्नीचे स्थान न्हाणीघराबाहेर

तीर्थक्षेत्री येणाऱ्या माणसाच्या गरजांचा हिशोब मांडावयास बसले, तर अन्न, निवारा आणि दर्शनाची रांग यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झालेला आढळतो; परंतु मार्गशीर्षातल्या थंडीत, काकड आरतीच्या आधी, एकाच घटकेला शेकडो माणसांना आंघोळीसाठी लागणारे ऊन पाणी कोठे, कशावर आणि कोणाच्या जबाबदारीवर तापते, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून दिलेला दिसतो. अक्कलकोट हे या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण आहे. १८७८ साली श्री स्वामी समर्थ येथे समाधिस्थ झाले, तेव्हापासून या एका संस्थानी गावाकडे येणाऱ्यांचा ओघ वाढतच गेला. गुरुवारी, गुरुपौर्णिमेला, दत्तजयंतीला तर गावातील प्रत्येक लॉज, प्रत्येक धर्मशाळा आणि भाड्याने दिलेली प्रत्येक खोली भरून जाते. त्या प्रत्येक ठिकाणी कोणी विजेचा गीझर लावला आहे, कोणी गॅसचा, कोणी बादलीत रॉड सोडतो, तर कोणी अंगणात मोठे पातेले चढवून बादलीमागे पैसे घेतो. या सगळ्यांत निवड करण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा, हे मान्य. पण अग्नी कोठे असावा, याविषयी मात्र कोणासही मुभा असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न तांब्याच्या बंबाने सोडविला होता. मधोमध जाळी आणि धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली बंबफोड, तुराट्या नाहीतर गोवऱ्या, अशी ती रचना होती. आणि तो बंब अंगणात वा मागल्या पडवीत ठेवलेला असे. कढत पाणी बादलीतून न्हाणीत जाई, तेथे त्यास विसण घातले जाई, परंतु विस्तव न्हाणीत जात नसे. धुराने डोळे चुरचुरतात एवढ्याच कारणाने ही शिस्त पाळली गेली असेल; तथापि धूर हा उपद्रवी असला तरी प्रामाणिक पहारेकरी होता. गॅसची निळी ज्योत धूर करीत नाही, डोळ्यांत पाणी आणीत नाही, आणि म्हणूनच जो अग्नी आजीने उंबऱ्याबाहेर ठेवला, त्यास नातवाने आंघोळीच्या कोंदट खोलीत भिंतीवर टांगण्याचे धाडस केले.

या विषयास आता आणखी एक शाखा फुटली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले; मोटारीमागे जोडावयाचे कॅम्पर ट्रेलर, चाकांवरची घरे आणि ती उभी करण्यासाठी सुसज्ज कॅरव्हॅन पार्क यांना त्यात स्थान मिळाले. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर अशी यात्रा सहकुटुंब करणाऱ्या माणसास, खोली मिळेल की नाही या विवंचनेतून सोडविणारे हे वाहन मोहात पाडील, यात नवल नाही. आणि अशा वाहनात पाणी तापविण्याची जी यंत्रणा परदेशात रूढ झाली, ती आपल्या लॉजमालकांनीही पाहण्याजोगी आहे. साधारण २२-२३ लिटरांची एक टाकी असते. तिच्यात सुमारे दीड किलोवॅटचे विजेचे कॉइल असते आणि तिच्याच पोटातून प्रोपेन वायूच्या ज्योतीची नळी गेलेली असते. मुक्कामी विजेची जोडणी मिळाली तर वीज, रानात उतरले तर वायू, आणि घाई असेल तर दोन्ही एकदम. परंतु या रचनेचे खरे मर्म दोन इंधनांत नसून ज्योतीच्या बंदोबस्तात आहे: ज्योतीस हवा बाहेरून मिळते, जळालेला वायू वाहनाच्या बाहेरच्या भिंतीतून बाहेर जातो, आणि आतल्या माणसाचा श्वास व ज्योतीचा श्वास यांची कोठेही गाठ पडत नाही. बंबाचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती होय.

आता थोडे गणित. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवावयाचे, म्हणजे एका माणसाची बेताची आंघोळ, तर त्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या मापात ती अर्ध्या युनिटास थोडी कमी भरते, आणि गॅसच्या मापात, भांड्याबाहेर वाया जाणारी उष्णता धरून, ४५ ते ५० ग्रॅम. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरात तीनशेच्या आसपास आंघोळी होतात. वाचकाने आपापल्या बिलातील दराने गुणून स्वस्त काय ते ठरवावे. इंधनाच्या काटकसरीचा विचार केला तर गॅसची बाजू दुबळी नाही, हेही कबूल केले पाहिजे: सोलापूरजवळच्या १३२० मेगावॅटच्या एनटीपीसी केंद्रात कोळशाची निम्म्याहून अधिक उष्णता वीज होण्यापूर्वीच गमावली जाते, आणि त्या महागड्या विजेचे पुन्हा नुसते ऊन पाणी करणे ही एका अर्थी उधळपट्टीच आहे. कॅम्परातील बॅटरीवर तर हा भार टाकण्यात अर्थच नाही. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वा युनिटही साठवीत नाही, सबब दोन-अडीच आंघोळींत ती रिकामी होऊन रात्रीच्या दिव्यासही महाग होते.

मग गॅसला आक्षेप का? आक्षेप गॅसला नाही. तो कोठे जळतो, याला आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गीझर पूर्ण वेगाने चालला तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो, आणि तेवढा गॅस नीट जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा लॉजमधल्या न्हाणीघरात हवा किती? जेमतेम साडेपाच घनमीटर. दार लावलेले, थंडीमुळे झरोक्यात कोंबलेला कागद, आणि एकामागून एक आंघोळीस जाणारे कुटुंबातील चौघे! प्राणवायू संपण्याची वाटही पाहावी लागत नाही. तो थोडासा उणावला की ज्योत अपुरी जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. सिलिंडरातील गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनच्या उग्र दर्पाने माणूस सावध होतो. हा दुसरा वायू मात्र रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट चिवटपणे चिकटतो. डोके जड होते, पाय लटके पडतात, आणि कडी आतून लावलेली असते. आंघोळीस गेलेले माणूस परत आले नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींत येतात. त्यांस आपण दुर्दैव म्हणतो, वस्तुतः ती कसूर असते.

विजेच्या बाजूसही दोष आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे जड पाणी कॉइलवर क्षारांचा थर चढविते. थर चढला की बिल वाढते आणि कॉइल जळते. टाकीत पाणी नसताना बटण दाबले तर कॅम्परातले कॉइल क्षणार्धात निकामी होते. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यात बादलीत सोडलेला रॉड म्हणजे तर मृत्यूस दिलेले आमंत्रणच. अंगणात उभ्या केलेल्या वाहनास खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर टाकून वीज देण्याची प्रथा पडू लागली, तर हीटर, शेगडी आणि वातानुकूलन यांचा एकत्र भार ती बारीक वायर किती वेळ सोसणार, याचा विचार आधीच केलेला बरा. तथापि या सर्व दोषांना स्वस्त व ठाऊक असलेले उपाय आहेत: योग्य जाडीची वायर, खरे अर्थिंग, आणि गळतीचा प्रवाह ओळखून तत्क्षणी पुरवठा तोडणारे ते साधन, ज्यास आपले वायरमन आरसीसीबी म्हणतात.

प्रवासातल्या सिलिंडरविषयी तर दुमत असू नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या उभ्या असलेल्या खासगी डब्याला आग लागून नऊ माणसे मृत्युमुखी पडली. नियम धाब्यावर बसवून डब्यात आणलेला गॅस सिलिंडर तिच्या मुळाशी होता. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या बाकाखाली पाच किलोचा सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावरच बसविलेला बर्नर घेऊन निघणारी मंडळी काही थोडी नाहीत. हा वायू हवेहून जड असल्याने गळला तर वर उडून जात नाही. बाकाखाली, गादीखाली तळाशी साचून राहतो. कॅम्परात म्हणूनच सिलिंडराचा कप्पा बाहेरून उघडणारा, आतील भागापासून पूर्ण अलग आणि तळाशी झरोका असलेला हवा; वाहन चालू असताना व पेट्रोलपंपावर वायूचा कॉक बंद हवा. विलायती हीटर प्रोपेनसाठी बेतलेला असतो आणि आपला एलपीजी हा प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण, तेव्हा जेट आणि रेग्युलेटर जाणकाराकडून तपासून घेणे अगत्याचे.

परंतु निव्वळ नियमांची यादी वाचून लोक शहाणे होत नसतात; त्यांना सोयीचा पर्याय द्यावा लागतो. या बाबतीत अक्कलकोटापुढे अक्कलकोटाचाच कित्ता आहे. १९८८ साली सुरू झालेल्या श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाने, प्रत्येक यात्रेकरूने आपली चूल आपल्याबरोबर वागवावी ही आवश्यकताच संपुष्टात आणली. हजारो चुलींचे काम एका मोठ्या, देखरेखीखालच्या स्वयंपाकघराने केले. जे अन्नाचे झाले, तेच आंघोळीच्या पाण्याचे का होऊ नये? नगरपरिषद, देवस्थान आणि लॉजमालक यांनी मिळून सार्वजनिक स्नानगृहांची तजवीज करावी. त्यांच्या छपरावर सौर तापक असावेत. सोलापूरच्या या मुलखात पावसाची वाण असली तरी उन्हाची नाही. दोन चौरस मीटरच्या संग्राहकावर दिवसाला शंभर लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापते, आणि त्यात विसण घातल्यावर दहा माणसांची आंघोळ होते; दुपारी तापलेले पाणी वेष्टित टाकीत पहाटेपर्यंत टिकते. आभाळ भरून आले तर विजेचे कॉइल, आणि वीज गेली तर इमारतीबाहेरच्या स्वतंत्र कोठीत गॅसचा बर्नर, अशी उतरती श्रेणी ठरवावी. कॅरव्हॅन पार्क होईल तेव्हा प्रत्येक जागेस स्वतःचा ब्रेकर असलेला विजेचा खांब द्यावा आणि शेजारी हे स्नानगृह असावे. म्हणजे वस्तीत उतरलेल्या कॅम्परवाल्यास वायू पेटविण्याची गरजच उरणार नाही.

लॉजमालकांची हरकत मी ऐकून आहे: पहाटे वीज जाते, गिऱ्हाईक ओरडते, आणि भिंतीवरचा गॅस गीझर दोन मिनिटांत पाणी देतो. हरकत खरी आहे, परंतु तिचे उत्तर गीझर काढून टाकणे हे नसून तो भिंतीच्या पलीकडे नेणे हे आहे. पाणी नळाने आत येईल, ज्योत बाहेर राहील, आणि खर्च काही फूट पाइपाचा व एका गवंड्याच्या दिवसाचा. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास कायद्याने बंदी आहे, घरच्या मीटरवरून धंद्यास वीज देणे हाही विद्युत कायद्यान्वये गुन्ह्यासारखाच दंडनीय प्रकार आहे. ज्या अधिकाऱ्यांना या दोन गोष्टी तपासण्याचा हक्क आहे, त्यांना त्याच फेरीत न्हाणीघराच्या भिंतीकडे एक नजर टाकणे जड जाऊ नये.

दत्तजयंतीच्या आधी प्रत्येक लॉजची व धर्मशाळेची एकदा तपासणी व्हावी, न्हाणीघरात ज्योत आढळल्यास ती बाहेर काढल्याचा दाखला मिळेपर्यंत त्या खोल्या भाड्याने देण्यास मनाई असावी, आणि तपासणीचा निकाल दर्शनी भागात लावला जावा. एवढी अट नगरपरिषदेने या हिवाळ्यापासूनच अमलात आणावी. आणि यात्रेकरूनेही खोलीचे भाडे विचारण्यापूर्वी गीझर कोठे बसविला आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.