पारणे नसलेला उपास

वऱ्हाडात पाहुण्याने 'पुरे' म्हटल्यावरही एक रोडगा त्याच्या ताटात पडतोच. आग्रहाची अशी रीत असलेल्या प्रदेशात, भरल्या घरातली मुलगी अन्नावाचून खंगू शकते, हे सहसा कोणाला पटत नाही. 'ही मोठ्या शहरांतली, नट्यांची थेरं' असे म्हणून विषय मिटवला जातो. त्यामुळे अमरावती-अकोल्यातील एखाद्या सुशिक्षित घरात हा आजार शिरला, तर त्याचे नाव कळेपर्यंत कित्येक महिने हातचे जातात.

वास्तविक हे खूळ दूरचित्रवाणीने आणलेले नाही. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली या विकाराला 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. वजन घटत जाते, तरीही रुग्णाला आपण जाडच आहोत असे वाटत राहते. 'बुलिमिया' या दुसऱ्या विकाराचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले. त्यात अधाशासारखे खाणे आणि मग अपराधी वाटून ते उलटून टाकणे, असे चक्र चालते. वजन बहुधा बेताचेच राहते. म्हणून घरच्यांना सुगावाही लागत नाही. भारतात तर अनेक रुग्ण जाडीच्या भीतीविषयी अवाक्षरही काढत नाहीत. पोट दुखते, भूकच नाही, आज उपास आहे, अशी कारणे पुढे येतात.

उपासाचा मुद्दा नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांमागे संयमाची दृष्टी आहे आणि प्रत्येक व्रताला पारणे आहे. या आजारात पारणे येतच नाही. सोमवारला गुरुवार जोडला जातो, नवरात्र संपले तरी फराळाचे निमित्त संपत नाही, आणि घरातील वडीलधारी मंडळी मुलीच्या श्रद्धेचे कौतुक करीत राहतात. लग्नकार्यात भेटलेली मावशी 'किती छान बारीक झालीस गं' म्हणते, तेव्हा तर आजाराला पावतीच मिळते.

यावर रागावणे, शपथा घालणे, देवाला नवस बोलणे हे सारे करून पाहिले जाते. उपयोग होतो तो संवादाधारित उपचाराचा. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या पद्धतीत साधारण २० आठवड्यांत २० बैठका होतात, वजन फारच घटलेले असल्यास त्याहून अधिक. रुग्ण काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय आले याची नोंद ठेवतो, जेवणाच्या वेळा बांधून घेतो, वजन आठवड्यातून एकदाच पाहतो. हळूहळू 'माझी किंमत माझ्या वजनावर' हा समज तपासला जातो. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेली पद्धत आपल्याकडील कुटुंबांना अधिक जवळची वाटावी. तिथे आईवडिलांना दोषी धरले जात नाही. उलट जेवणाचा निर्णय काही काळ त्यांच्याच हाती दिला जातो आणि मूल सावरेल तसा तो त्याला परत केला जातो. मात्र उपाशी मेंदू चर्चेला साथ देत नाही, शिवाय हृदयावरही परिणाम होतो. म्हणून वैद्यकीय तपासणी आधी हवी. सगळेच पूर्ण बरे होतात असे नाही, काहींना आजार पुन्हा गाठतो.

बोलण्याने काय होणार, असे विचारणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. अमरावतीच्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला. तो नैराश्यासाठी होता, अन्नविकारासाठी नव्हे. स्थानिक कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार केल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, हे २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध झाले. ऐकणारा माणूस जवळ आला की वऱ्हाडी माणूस बोलतो, एवढे यातून दिसले.

अन्नविकाराच्या उपचाराला तज्ज्ञच लागेल. अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार येथे मानसोपचाराची सोय आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही आहे. अडते ते पहिल्या ओळखीपाशी. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी गावोगावची मुले-मुली अकोल्याच्या शिकवणी वर्गांत येतात, आईच्या नजरेपासून दूर खोली घेऊन राहतात. डबा अर्धा परत येतो, हे सर्वांत आधी खानावळीच्या काकूंना कळते. ते त्यांनी कोणाला सांगायचे, हे मात्र ना शिकवणी वर्गाने ठरवले आहे, ना वसतिगृहाने, ना पालकांनी.