ए.सी.ची जाळी आणि घरातला कापूस



बियाणे-खतांच्या सदरात आज ए.सी. कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण उन्हाळा लागला की शिवारातल्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न विचारला जातो. आपल्या शिरपूर भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. घरात म्हातारे माणूस, दम्याचा रोगी किंवा बाळंतीण असली, तर रात्रीची झोप ही चैनीची गोष्ट राहत नाही. म्हणून थाळनेरपासून बोराडीपर्यंत आता बऱ्याच घरांत ए.सी. बसले आहेत. तक्रार मात्र जिकडेतिकडे एकच ऐकू येते : "साहेब, गॅस संपी गया!"

तर पहिली गोष्ट ही की, ए.सी.तला गॅस संपत नसतो. चुलीच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. ए.सी.तला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. आत खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या पेटीत ती टाकतो आणि परत आत येतो. यंत्र धड असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षे चालतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पंक्चर न काढता ट्यूबमध्ये रोज हवा भरावी, तसा तो खर्च आहे.

आणि पुष्कळदा गळतीही नसते. जाळी तुंबलेली असते, एवढेच.

ही जाळी म्हणजे काय, ते ठिबकवाल्यांना वेगळे सांगायला नको. ठिबकच्या फिल्टरवरच्या दोन दाबमापकांतला फरक वाढला, शेवटच्या झाडाला पाणी कमी पडू लागले, तर कोणी नवी मोटार आणत नाही. फिल्टर उघडून धुतो. ए.सी.चा पंखा खोलीतली हवा जाळीतून आत ओढतो आणि थंड नळ्यांवरून फिरवून बाहेर सोडतो. जाळीवर धूळ बसली की हवा कमी जाते. हवा कमी गेली की नळ्या फाजील गार होतात, हवेतला ओलावा त्यांवर गोठून बर्फ धरतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. मग आत बर्फ आणि खोलीत उकाडा, असा उफराटा प्रकार होतो. बर्फ वितळला की पाणी भिंतीवरून ओघळते. एवढे होऊनही यंत्र अखंड चालूच असते आणि वीजबिल फुगते.

शहरातल्या माहितीपत्रकात जाळी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने धुवा, असे लिहिलेले असते. आपल्याकडे ते पुरत नाही, आणि याला कारण कापूस. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तोच भाव पुन्हा मिळेल म्हणून पुढच्या हंगामातला माल कित्येकांनी २०२३ चा उन्हाळा येईपर्यंत घरातच ठेवला. छतापर्यंत कापूस आणि शेजारच्या खोलीत अंगाला खाज सुटलेली मुले, ही स्थिती पुष्कळांनी भोगली. भाव मिळेपर्यंत माल राखणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे, त्यावर मी टीका करणार नाही. पण कापसाचे बारीक तंतू हवेबरोबर जाळीवर येऊन गोधडीसारखा थर धरतात. घरात कापूस असेल तर जाळी दर आठवड्याला काढावी. शिवाय ही जाळी तंतू अडवते, बारीक धूळ अडवत नाही. ए.सी. लावला म्हणजे खोकल्याची काळजी मिटली, असे समजू नये.

(जाता जाता एक गंमत. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच कापसाच्या धंद्यातून आला. अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर नावाच्या सूतगिरण्यांच्या अभियंत्याने १९०६ साली तो वापरला. कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवा दमट राखायची, हे त्याचे काम होते.)

धुण्याची रीत सोपी आहे. आधी मेन स्विच बंद करावा. नुसत्या रिमोटने बंद करून हात घालू नये. पुढचे झाकण उचलले की जाळ्या हाताने सरकून निघतात. वरचा थर झटकून टाकावा. मग जाळी उलटी धरून, म्हणजे स्वच्छ बाजूकडून, साध्या पाण्याची धार सोडावी. चिकटपणा असेल तर थोडा सौम्य साबण चालेल, कढत पाणी मात्र नको. उन्हात टाकल्यास प्लॅस्टिक वाकते, म्हणून सावलीत वाळवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवावी. नळ्यांवर बर्फ धरला असेल तर तो चाकूने खरवडू नका. नुसता पंखा चालू ठेवा, आपोआप वितळेल.

बाहेरची पेटी सगळेच विसरतात. तिच्यापुढे कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असतात, नाहीतर मळणीचा भुसा तिच्या पत्र्यांत जाऊन बसतो. ट्रॅक्टरचे रेडिएटर भुशाने भरले की इंजिन तापते, तसेच हे. चहूबाजूंनी जागा मोकळी ठेवा आणि वीज बंद करून मंद धारेने धुवा. जोराच्या धारेने तिच्या नाजूक पट्ट्या वाकतात. फवारणीचा पंप तर यासाठी मुळीच घेऊ नका. धुतलेल्या पंपातही औषधाचा अंश राहतो, आणि तो घरापर्यंत आणण्याचे कारण नाही.

जाळी स्वच्छ असूनही गारवा नसेल, तर व्होल्टेज तपासून घ्या. दाब फार उतरला की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि नुसता पंखा वारा घालतो. काही घरांत ए.सी. आणि कूलर एकाच खोलीत लावतात, तेही चुकीचे. कूलर हवेत ओल सोडतो, ए.सी. ती ओल काढत बसतो. दोघांचे भांडण आणि बिल तुमचे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, खिडकी उघडी ठेवली तर एकटा कूलरही उत्तम काम करतो. मृग लागून हवा दमट झाली की मात्र त्याचा उपयोग राहत नाही. रिमोटवर १६ चा आकडा ठेवल्याने खोली लवकर गार होते, हाही गैरसमज आहे. २४ वर ठेवावे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे.

आता जोखमीची बाब. दीड टनाचा ए.सी. सात-आठ अँपिअर वीज ओढतो. त्याला स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट पाहिजे. ज्या खोलीत कापूस भरला आहे तिथून ही वायर नेऊ नये, तिथे स्टॅबिलायझर ठेवू नये. सैल प्लगची एक ठिणगी पुरते.

गॅस भरायला माणूस आलाच, तर गळती कुठे आहे ती आधी दाखवायला सांगा. ती बुजवल्यावरच गॅस भरू द्या आणि किती ग्रॅम भरला ते पावतीवर लिहून घ्या. कोणता गॅस लागतो ते यंत्रावरच्या पट्टीवर छापलेले असते. नव्या यंत्रांत पुष्कळदा आर-३२ असतो आणि तो पेट घेऊ शकतो. गळती बुजवताना नळीला झाळ द्यायची असेल, तर कापूस भरलेल्या घरात ज्योत पेटवू देऊ नका. यंत्र उतरवून अंगणात न्यायला सांगा.